विश्लेषण : मुलांसोबत समुद्रावर गरवायला जाताय? स्वस्तातला रॉड आणि रीळ कसे निवडायचे?

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत कोकणात गेलेल्या मुलाने धक्क्यावर कुणाला मासा ओढताना पाहिले, की पुढचा हट्ट ठरलेला असतो. मग मोबाइलवर शोध सुरू होतो. रॉड, रीळ, दोरा आणि प्लास्टिकचे रंगीत मासे असा ‘संपूर्ण संच’ अगदी कमी किमतीत दिसतो. मुलासाठी तो आणि आई किंवा बाबांसाठी थोडा भारीतला, असा हिशेब होतो. दोन-तीन फेऱ्यांत मुलाचे रीळ अडकते, दोऱ्याचा गुंता होतो आणि हौस तिथेच संपते. खाऱ्या पाण्यात टिकेल असे साहित्य कमी खर्चातही मिळते. मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे आधी ठरवावे लागते.

खाऱ्या पाण्यासाठी वेगळा विचार का?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते आणि गंज आत शिरतो. पाणी सुकले तरी मिठाचे कण मागे राहतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे कपाटात ठेवलेले रीळही आतून गंजत राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात पोलादी स्क्रू असेल, तर दोन धातूंच्या सांध्यात ही झीज आणखी वेगाने होते. तलावावर दोन वर्षे चालणारे साहित्य समुद्रावर एका सुट्टीत जाम होते ते यामुळेच. पाकिटावर ‘समुद्रासाठी’ असे छापलेले असले, तरी नेमके कोणते भाग धातूचे आहेत हे पाहणे महत्त्वाचे.

पैसा रॉडवर घालावा की रिळावर?

बजेट मर्यादित असेल, तर रिळावर. रॉड ही मुळात एक काठी आहे. तिच्यात फिरणारा भाग नसतो आणि साधा फायबर ग्लासचा रॉडही अनेक वर्षे चालतो. रिळात मात्र दातेरी चक्रे, बेअरिंग, स्प्रिंग असे सगळे लहान भाग असतात आणि मीठ पहिला हल्ला त्यांच्यावरच करते. शिवाय रीळ अडकले की मुलाला काहीच करता येत नाही. रॉड थोडा जड असला तर चालून जाते, पण अडकणारे रीळ चालत नाही. म्हणून मुलासाठी खेळण्यातले आणि मोठ्यांसाठी खरे, अशी विभागणी टाळावी. दोघांचे साहित्य एकाच दर्जाचे असावे, मुलाचे फक्त आकाराने लहान.

रीळ कोणते घ्यावे?

नवशिक्यांसाठी दोघांनाही ‘स्पिनिंग रीळ’ सोयीचे. हे रॉडच्या खाली लटकते, दोरा पुढून सुटतो आणि बहुतेक मॉडेलांत मूठ डावीकडे किंवा उजवीकडे बदलता येते. मुलासाठी २००० ते २५०० आणि मोठ्यांसाठी ४००० क्रमांकाचा आकार पुरेसा असतो.

लहान मुलांसाठी म्हणून बटण दाबून दोरा सोडणारे बंद तोंडाचे रीळ विकले जाते. ते शिकायला सोपे असते, पण झाकणाच्या आत खारे पाणी साठून राहते. त्यामुळे तळ्यावर ते ठीक, समुद्रावर नको. रॉडच्या वर बसणाऱ्या रिळात फेकताना अंगठ्याने वेग आवरावा लागतो. तो आवरला नाही तर दोऱ्याचा मोठा गुंता होतो. नवशिक्यांनी तेही टाळावे.

पाकिटावरच्या ‘१२ बेअरिंग’सारख्या आकड्याला भुलू नये. हलक्या प्रतीची बारा बेअरिंग म्हणजे गंजायला बारा जागा. चांगली तीन-चार पुरतात. शरीर ग्रॅफाइट मिश्रित प्लास्टिकचे असेल तर ते गंजत नाही आणि हलकेही असते. दुकानात चार गोष्टी तपासता येतात : मूठ फिरवताना खरखर होते का, मूठ सोडल्यावर ती उलटी फिरते का, दोरा अडवणारी तारेची कमान ठामपणे बंद होते का आणि कमानीच्या टोकाची छोटी पुली बोटाने मोकळी फिरते का. स्वस्त रिळात बऱ्याचदा सर्वांत आधी अडकते ती हीच पुली.

पाचवी तपासणी ‘ड्रॅग’ची. माशाने जोर लावला की दोरा तुटू न देता तो थोडा थोडा सुटू देणारी ही ब्रेकसारखी व्यवस्था. दोरा हाताने ओढल्यावर तो सलग सुटायला हवा, झटके देत नव्हे.

मुलाचा रॉड केवढा असावा?

आठ ते बारा वर्षांच्या मुलाला साडेपाच ते साडेसहा फुटांचा रॉड झेपतो. लहान मुलाला वडिलांचा नऊ फुटी रॉड दिला तर तो पेलण्यातच त्याची शक्ती जाते आणि गळ मागे उभ्या माणसाला लागण्याचा धोका वाढतो. दुकानात रीळ लावलेला रॉड मुलाच्या हातात द्यावा. रीळ धरल्यावर मागचा दांडा त्याच्या कोपरापर्यंत यावा. तो काखेच्या मागे जात असेल तर रॉड मोठा आहे. मुलाने रॉड पुढे धरून मिनिटभर उभे राहावे. हात थरथरू लागला तर जोडी जड आहे.

साहित्य फायबर ग्लासचे बरे. कार्बनचा रॉड हलका असतो, पण दगडावर आपटला की त्याला न दिसणारी चीर जाते आणि पुढे तो अचानक मोडतो. कार्बन विजेचा वाहकही आहे. खाडीकाठी वरून वीजवाहिनी जात असेल किंवा आकाशात गडगडाट असेल, तर कोणताही रॉड उभा धरू नये. ओला फायबर ग्लासही अशा वेळी सुरक्षित नसतो.

मोठ्यांचा रॉड कसा असावा?

धक्क्यावरून आठ फूट पुरतो. वाळूच्या किनाऱ्यावरून लाटांच्या पलीकडे टाकायचे असेल तर नऊ ते दहा फूट लागतात. रॉडवर किती ग्रॅम वजन टाकता येते हे छापलेले असते. मुलासाठी साधारण १० ते ३० ग्रॅम आणि मोठ्यांसाठी ४० ते ८० ग्रॅमचा पल्ला चालतो. शिसे आणि आमिष मिळून वजन या मर्यादेत राहायला हवे.

दुर्बिणीसारखा घडी होणारा रॉड पिशवीत मावतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ अडकते. दोन तुकड्यांत निघणारा रॉड अधिक टिकाऊ. दोरा ज्या कड्यांतून जातो त्यांना आतून गुळगुळीत सिरॅमिकची रिंग असावी. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून पाहावा. धागे अडकले तर तिथे चीर आहे आणि दोरा तिथेच तुटणार.

दोरा, गळ आणि शिसे यांचे काय?

कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, तो साधा नायलॉनचा दोराच सुरुवातीला उत्तम. तो स्वस्त असतो, ताणला जातो आणि झटका सोसतो. मुलासाठी ०.३० मिमी आणि मोठ्यांसाठी ०.३५ मिमी जाडी पुरे. विणीचा बारीक दोरा त्याच जाडीत जास्त मजबूत असतो, पण ताण आला की मुलाची बोटे कापतो. गळाजवळचा हातभर तुकडा ०.५० मिमीचा जोडावा, कारण खडकावरची कालवे बारीक दोरा सहज कापतात. रिळावर दोरा काठापासून साधारण २ मिमी खालपर्यंत भरावा. कमी भरला तर लांब जात नाही आणि जास्त भरला तर वेटोळी सुटतात.

ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा. दोरा सहा किलोचा असेल, तर दीड ते दोन किलोच्या ओढीला तो सुटू लागला पाहिजे. सामान मोजण्याच्या हुकाच्या काट्याने हे घरीच तपासता येते.

मुलाच्या गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. एखादा मासा निसटेल, पण गळ बोटात रुतला तर सहज निघेल. शिसे हे लहान मुलांसाठी विष आहे. बारीक शिसे दाताने दाबण्याची सवय कुणीच लावून घेऊ नये आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

सहा हजार रुपयांत दोघांचे भागते का?

हिशेब करून खरेदी केली तर भागू शकते. उदाहरणार्थ, दोन रिळांसाठी २,८०० रुपये, फायबर ग्लासच्या दोन रॉडसाठी १,६०० रुपये, दोरा, गळ आणि शिशासाठी ५०० रुपये, पकड, बादली आणि फडक्यासाठी २०० रुपये आणि मुलाच्या लाइफ जॅकेटसाठी ९०० रुपये. शहर, दुकान आणि मॉडेलनुसार आकडे बदलतील, पण प्रमाण हेच ठेवावे. बंदराजवळच्या मासेमारी साहित्याच्या दुकानांत तंगूस, गळ आणि शिसे सुटे मिळतात. संचासोबत येणारे प्लास्टिकचे मासे सुरुवातीला लागत नाहीत, कोळंबीचा तुकडा पुरतो.

एवढेही जमत नसेल, तर मुलासाठी एकच चांगला रॉड आणि रीळ घ्यावे. मोठ्यांनी लाकडाच्या तुकड्यावर तंगूस गुंडाळलेली हातगरी वापरावी. किनारपट्टीवर पिढ्यानपिढ्या लोक तशीच गरवत आले आहेत आणि धक्क्याखालचा शिंगाळा हातगरीलाही लागतो. कात्री लावू नये ती फक्त लाइफ जॅकेटला.

घरी आल्यावर काय करावे?

साहित्य दोन महिने टिकणार की पाच वर्षे, हे परतल्यानंतरच्या दहा मिनिटांत ठरते. रिळाचा ड्रॅग आधी घट्ट करावा, म्हणजे पाणी आत जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार रिळावर आणि रॉडच्या प्रत्येक कडीवर सोडावी. जोराचा फवारा मारला किंवा रीळ बादलीत बुडवले, तर मीठ उलट आत ढकलले जाते. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे आणि नंतर ड्रॅग सैल करून ठेवावा, म्हणजे त्याच्या चकत्या दबून राहत नाहीत. महिन्यातून एकदा पुलीवर, कमानीच्या सांध्यावर आणि मुठीच्या दांड्यावर हलक्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. त्याने आतले ग्रीस धुऊन जाते.

हे काम मुलालाच द्यावे. आपले रीळ आपण धुणारे मूल ते वाळूत टाकून देत नाही.

कुठे आणि केव्हा जावे?

सुरुवात धक्क्यावरून किंवा खाडीच्या सपाट काठावरून करावी, खडकांवरून नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. पाणी झपाट्याने चढते आणि परतीची वाट बंद होऊ शकते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, ते मुलांसोबत जाण्यासाठी सोयीचे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नये.

यांत्रिक नौकांवर १ जून ते ३१ जुलै या काळात पावसाळी बंदी असते. काठीने गरवणाऱ्यांनीही हा काळ सोडावा, कारण खवळलेल्या समुद्रात धक्क्यावरूनही माणूस ओढला जातो. बंदर आणि नौदलाच्या हद्दीत मनाई असते. मालवणचा काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे आधी चौकशी करावी. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे. पिल्लू लागले तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावे.

लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे घ्यावे आणि पट्टे बांधून खांद्याजवळ वर ओढून पाहावे. ते हनुवटीवर सरकले तर मोठे आहे. हवेची रिंग हा त्याला पर्याय नाही. डोळ्यांवर साधा चष्मा आणि डोक्यावर टोपी असावी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात, म्हणून तो मोठ्यांनीच पकडीने सोडवावा. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरल्याने वेदना कमी होतात. पाणी किती गरम आहे ते मोठ्याने आधी स्वतःच्या हाताने तपासावे आणि नंतर डॉक्टरांकडे जावे.

पहिली फेरी दोन तासांपेक्षा लांबवू नये. त्या दोन तासांत मोठ्यांचा रॉड बहुधा बाजूलाच पडून राहील, कारण मुलाच्या गळाला आमिष लावणे आणि गुंता सोडवणे यातच वेळ जाईल. म्हणूनच पैसे कमी पडत असतील, तर ते स्वतःच्या रॉडमधून वाचवावेत, मुलाच्या रिळातून नव्हे.