आईच्या अंगावरचं ऊन

डोंबिवली-कल्याणच्या नवजात विभागांत सिस्टर म्हणून माझ्या कितीतरी रात्रपाळ्या गेल्या. त्यातली एक रात्र मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगते.

रात्री अडीचच्या सुमारास रिक्षातून बारा दिवसांचं बाळ आलं. आजीच्या हातात दुपट्याची घट्ट पुरचुंडी, मागे चपला न घातलेली आई. "सिस्टर, हात झटकतोय हो." मी दुपटं सोडलं. डावी मूठ तालात उडत होती. मी ती हलकेच धरली. नुसती थरथर असेल तर हात धरल्यावर थांबते. ही थांबेना, माझ्या मुठीत उडतच राहिली. ही आकडी होती.

एवढ्या लहान बाळाला आकडी आली की आमच्या मनात पहिला येतो तो जंतुसंसर्ग. ताप नसला तरी धीर येत नाही, कारण या वयात संसर्गाने अंग उलट गारही पडतं. साखर बघितली, ती ठीक होती. रक्त कल्चरला गेलं, पाठीतलं पाणी काढलं, अँटिबायोटिक चालू केलं. आकडीचं औषध दिलं तरी झटके थांबेनात. मग कॅल्शियमचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. आकडा फारच खाली होता.

कॅल्शियम शिरेतून अगदी सावकाश द्यावं लागतं, मॉनिटरवर ठोके बघत. शिरेबाहेर गेलं तर कोवळी कातडी जळते. मी त्या सुईच्या जागेवरून नजर हलवली नाही. हळूहळू मूठ उघडली. पाच बोटं सैल झालेली बघून आई भिंतीला टेकून खाली बसली. पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं, पुढे कल्चरमध्येही काही वाढलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी आईचं रक्त मागवलं, तेव्हा आजी चमकल्या. "आजारी तर बाळ आहे ना?" आईच्या ड जीवनसत्त्वाचा आकडा दोन अंकीसुद्धा नव्हता.

कॅल्शियमसाठी ड लागतं, आणि बाळ त्याचा साठा आईकडूनच घेऊन येतं. नाळेतून मिळतो तोही आईच्या पातळीपेक्षा कमी. आईच्या दुधाची सर कशालाच नाही, पण ड त्यात थोडंच असतं. आणि आईला तरी ते कुठून मिळणार? ही मुलगी पहाटेच्या अंधारात लोकल पकडायची, परतायची दिवे लागल्यावर. घराच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. बाळंत झाल्यावर वारा लागू नये म्हणून तीही खिडकी बंद. हचिसन आणि शहा या संशोधकांनी 1922 साली नाशिकची नोंद केली आहे: पडद्यातल्या सुखवस्तू घरांत मुडदूस होता, उन्हात राबणाऱ्या गरिबांकडे फारसा नव्हता. आमच्या डोंबिवलीत तो पडदा आता इमारतींचा आहे.

मग संसर्गाचं काय? हे नातेवाईक हमखास विचारतात. जंतू मारणारा कॅथेलिसिडिन नावाचा पदार्थ बनवायला आपल्या पेशींना ड लागतं, हे 2006 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. तुर्कस्तानात 2015 च्या एका अभ्यासात, जन्मताच जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये आणि त्यांच्या आयांमध्ये ड कमी सापडलं. पण दिल्लीत कमी वजनाच्या दोन हजारांवर बाळांच्या अभ्यासात सहा महिने ड देऊन पाहिलं, तेव्हा वाढ सुधारली, मृत्यू आणि दाखल होणं मात्र घटलं नाही. ढाक्यात 1300 गर्भवतींच्या अभ्यासातही ड देऊन पाहिलं, तरी बाळांचे श्वसनाचे विषाणुसंसर्ग कमी झाले नाहीत. म्हणून ड घेतलं की इन्फेक्शन होणार नाही, असं मी कुणालाही सांगत नाही. संसर्गासाठी हात धुवा, अंगावर पाजा, नाळ कोरडी ठेवा. ड हाडांसाठी आणि कॅल्शियमसाठी हवं, आणि ती रात्र पाहिल्यावर मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

गैरसमज खूप आहेत. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाचे वडील म्हणतात, ड पण मिळतच असेल. नाही मिळत, तो प्रकाश वेगळा. काचेतून आलेल्या उन्हातूनही मिळत नाही, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फार थोडं. लागतं ते अकरा ते दोनचं ऊन, तेही आईला. बाळाला तेवढ्या उन्हात धरायचं नाही, त्याला रोज 400 युनिटचे थेंब द्यायचे. बाटलीवरचं वाचून द्या, कारण कुठे 400 युनिट एका मिलीत असतात, कुठे अर्ध्या. एका घरात आईची आठवड्याची 60,000 युनिटची पुडी चुकून बाळाला पाजली. म्हणजे दीडशे दिवसांचा डोस एका दमात. ते बाळही मी सांभाळलंय, ओकाऱ्या काढून काढून सुकलेलं.

बारा दिवसांचं ते बाळ दीड महिन्याच्या लशीला आलं तेव्हा गाल वर आले होते. आई म्हणाली, "सिस्टर, मी रोज बाराला गच्चीत जाते. सासूबाई याला घेऊन जिन्यात सावलीला बसतात." गच्चीला कुलूप नसतं का, मी विचारलं, कारण आमच्याकडे बहुतेक सोसायट्यांत असतं.

आजींनी कनवटीची किल्ली काढून दाखवली. "सेक्रेटरीकडनं मागून घेतली. देत नव्हते. मी म्हटलं, आमच्या सुनेचं औषध आहे वर."