घोड्यांच्या ट्रेलरमधली मॅट उचलून का बघायची?

अमेरिकेत घोडे पाळणाऱ्या बऱ्याच लोकांकडे हॉर्स ट्रेलर असतो. पिकअपमागे जोडायचा आणि दोन-चार घोडे नेणारा डबा. त्याची जमीन साधारण अशी असते: खाली चौकटीच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, त्यांवर लाकडी फळ्या आणि सगळ्यात वर जाड रबरी मॅट. काही ट्रेलरमध्ये फळ्यांऐवजी अ‍ॅल्युमिनियम असतं. ही जमीन चालत्या गाडीत खचली तर घोड्याचा पाय थेट धावत्या रस्त्यावर जातो, आणि पुढे गाडी चालवणाऱ्याला ते लगेच कळेलच असं नाही. असे अपघात झालेले आहेत.

माझ्या पीएचडीचा विषय आहे लाकूड कुजवणाऱ्या बुरशा. त्यामुळे ‘फळी वरून तर चांगली दिसत होती’ हे वाक्य मला नवीन नाही. ते बहुतेक वेळा खरंही असतं. फळी खरंच चांगली दिसत असते. असं का होतं, ते आज बघू.

आधी भार किती ते पाहू. मध्यम आकाराचा घोडा सुमारे ५०० किलोचा. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे एकेका पायावर १५० किलो. हे झालं शांत उभं असताना. गाडीने ब्रेक मारला, वळण घेतलं, की घोडा तोल सावरतो आणि क्षणभर एकाच खुरावर याहून बराच जास्त भार येतो. तोही तळहाताएवढ्या जागेत.

आता पाणी. लाकूड कुजायला बुरशी लागते आणि बुरशीला लागतो ओलावा. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिलं तर बुरशी वाढत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेलं आणि तिथेच राहिलं, की तिचं काम सुरू होतं. आपल्याकडे न्हाणीघराच्या दाराची चौकट नेहमी खालूनच का कुजते, त्याचं उत्तर हेच. फळीची कापलेली टोकं पाणी सगळ्यात जास्त पितात, कारण लाकडातल्या नळ्या तिथे उघड्या असतात. बोल्टची भोकंही तशीच.

ट्रेलरमध्ये पाणी येतं ते पावसाचं, धुण्याचं आणि घोड्याच्या मूत्राचं. घोडा दिवसाला साधारण ५ ते १५ लिटर मूत्र टाकतो. त्यातला थोडा भाग प्रवासात पडला तरी मॅटच्या सांध्यांतून तो खाली झिरपतो. फळ्यांमध्ये निचऱ्यासाठी फटी ठेवलेल्या असतात खऱ्या, पण वर मॅट घट्ट बसलेली असली की खाली गेलेलं पाणी वाळायला वारा मिळत नाही. म्हणजे मॅट घोड्याचा पाय घसरू देत नाही, खुरांच्या माऱ्यापासून फळी वाचवते आणि त्याच वेळी तिला ओलीही ठेवते.

आता मुख्य मुद्दा. ट्रेलरच्या फळ्या बऱ्याचदा पाइनच्या असतात. अशा लाकडावर ‘ब्राऊन रॉट’ नावाच्या बुरशा जास्त येतात. लाकडाला ताण सोसायची ताकद देतो तो सेल्युलोज, म्हणजे लांबच लांब साखळ्यांचे धागे. बुरशीची एन्झाइम्स आकाराने इतकी मोठी, की निरोगी लाकडाच्या पेशीभिंतीत ती शिरूच शकत नाहीत. म्हणून ब्राऊन रॉट आधी छोटे रेणू आत पाठवते. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेतून अत्यंत आक्रमक कण तयार होतात आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या मध्येमध्ये तोडत जातात. खाणं नंतर, तोडणं आधी.

सुंभाचा दोर डोळ्यांसमोर आणा. त्याचे आतले धागे जागोजागी कापून ठेवले तर दोराचं वजन तेवढंच राहील, लांबून तो धडधाकट दिसेल, पण बादली ओढायला गेलात की तुटेल. फळीचं तसंच होतं. वजनात फक्त ५ ते १० टक्के घट झालेली असते, तेव्हाच तिची धक्का सोसायची ताकद निम्म्याहून कमी झालेली असू शकते. या टप्प्यावर ना रंग फारसा बदललेला असतो, ना भुसा पडतो. चौकोनी भेगा पडलेलं तपकिरी लाकूड दिसतं ते खूप नंतर.

म्हणून नुसतं बघणं पुरत नाही, टोचून पाहावं लागतं. टोच्या किंवा जाड स्क्रूड्रायव्हर फळीत घुसवायचा आणि ढलपी उचकटायची. चांगलं लाकूड कुरकुरत, लांब तंतू सोडत निघतं. कुजायला लागलेलं लाकूड बिस्किटासारखं आडवं, आखूड तुटतं. ही तपासणी फळ्यांच्या टोकांशी, बोल्टांच्या भोवती आणि मूत्र पडतं तिथे आधी करा. घोडी मागच्या बाजूला मूत्र टाकते, घोडा पोटाखाली, म्हणजे फळ्यांच्या मधल्या भागात. ट्रेलरखाली शिरून फळ्यांची खालची बाजू आणि लोखंडी पट्ट्यांवरचा गंजही बघा. ओलावा मोजायचा पिनांचा मीटर असेल तर एक लक्षात ठेवा: मूत्रातल्या क्षारांमुळे लाकडातून वीज जास्त वाहते आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतो.

अ‍ॅल्युमिनियमची जमीन कुजत नाही, पण तिची गोष्ट वेगळी. ‘मूत्रातलं अ‍ॅसिड धातू खातं’ असं सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात घोड्याचं मूत्र बहुधा अल्कधर्मी असतं. त्यातल्या युरियाचा शेणातल्या जिवाणूंमुळे अमोनिया होतो आणि ते आणखी अल्कधर्मी बनतं. अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण ४ ते ८.५ या पीएचमध्ये टिकतो, त्यापलीकडे विरघळायला लागतो. म्हणून वास मारण्यासाठी चुना भुरभुरवणं अ‍ॅल्युमिनियमसाठी घातक आहे. ब्लीच तर कुठल्याच जमिनीवर नको. अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतात.

मग करायचं काय? प्रत्येक फेरीनंतर शेण आणि ओला भुसा लगेच काढायचा. मूत्र पडलं असेल तर मॅट उचलून खालची जमीन साध्या पाण्याने धुवायची, गरज पडली तर सौम्य साबण. आणि मॅट परत टाकण्याआधी दोन्ही पूर्ण वाळू द्यायचं. वाळवणं हा धुण्याइतकाच महत्त्वाचा भाग. नाहीतर धुण्याने आपण फक्त जास्तीचं पाणी घातलेलं असतं. फळी बदलायची वेळ आली तर प्रक्रिया केलेलं लाकूड घ्या, पण त्यातल्या तांब्याच्या क्षारांनी साधे खिळे-बोल्ट लवकर गंजतात. ते स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले हवेत. कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावायला विसरू नका.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. अडचण एकच: चार बाय सहा फुटांची, पाऊण इंच जाडीची रबरी मॅट सुमारे ४५ किलोची असते. एकट्या माणसाला ती उचलवत नाही, म्हणून महिनोन् महिने उचलली जात नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे मॅट दोन-तीन तुकड्यांत कापून घेणं किंवा कडेला भोक पाडून दोर ओवणं.

आपल्याकडेही शर्यतीचे घोडे मुंबईचा हिवाळी आणि पुण्याचा पावसाळी हंगाम यांसाठी घाटातून ये-जा करतात. त्यांची वाहनं वेगळी असतील, पण जमीन लाकडी असली तर रसायनशास्त्र हेच लागू होतं, आणि पावसाळा जोडीला असतो.

आणि कोणी सेकंडहँड ट्रेलर घेत असेल, तर रंग आणि टायर बघण्याआधी मालकाला मॅट उचलून दाखवायला सांगा. सोबत टोच्या न्या.