डीव्हीडी उघडते, मग गाण्यांची सीडी का नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही, त्यावर आता लिनक्स टाकून बघणारे बरेच आहेत. मला यात एक फायदा दिसतो. डिस्क वाचणारा ड्राइव्ह नव्या लॅपटॉपमधून कधीच गेला, तो उरलाय याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये. आणि वर्सोव्यात डिस्कना तोटा नाही. वेसावे कोळीवाड्यात हळदी-लग्नाच्या डीव्हीडी, ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कोळीगीतांच्या सीडी. आरामनगरात ऑडिशन देत फिरलेल्या कलाकारांच्या जुन्या शोरील. घरी ‘राइट’ केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर वर्षागणिक खराब होत जातो, त्यात इथली खारी, दमट हवा. हे सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं काम पुढे ढकलू नये.

पण लिनक्सवर हे करताना एक चमत्कारिक अनुभव येऊ शकतो. लग्नाच्या डीव्हीडीतल्या फाइली व्यवस्थित दिसतात आणि कोळीगीतांची सीडी घातली की ‘परमिशन डिनाइड’. ड्राइव्ह बिघडला असं समजून तो बदलायला निघण्याआधी थोडं थांबा.

डीव्हीडीवर फाइल सिस्टिम असते. ती ‘माउंट’ करण्याचं काम तुमच्या वतीने एक सिस्टिम सर्व्हिस करते आणि त्या सर्व्हिसला रूटचे, म्हणजे सगळे अधिकार असतात. ऑडिओ सीडीवर फाइलीच नसतात, नुसते ट्रॅक असतात. माउंट करायला काही नाही, त्यामुळे गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला स्वतःच ड्राइव्ह उघडावा लागतो, तोही तुमच्या अधिकारात. व्हीसीडीचंही तसंच. तिच्यावर फाइली दिसतात खऱ्या, पण व्हिडिओ वेगळ्या आकाराच्या, २३२४ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. म्हणून ती फाइल सरळ कॉपी करायला गेलं की एरर येते. ट्रॅक थेट ड्राइव्हवरून वाचावे लागतात.

युनिक्सच्या घराण्यात यंत्राचे बहुतेक भाग फाइलसारखे दिसतात. लिनक्समध्ये पहिला ऑप्टिकल ड्राइव्ह म्हणजे ‘/डेव्ह/एसआर०’. टर्मिनलमध्ये ‘एलएस -एल’ लावून ती फाइल पाहिली की डेबियन, उबुंटूवर मालक ‘रूट’ आणि ग्रुप ‘सीडीरॉम’ दिसतो. या दोघांना वाचायची-लिहायची मुभा, बाकीच्यांना काहीच नाही. मग ‘आयडी’ कमांड देऊन आपण त्या ग्रुपमध्ये आहोत का ते बघायचं. आर्चवर याच ग्रुपचं नाव ‘ऑप्टिकल’ आहे.

ग्रुपमध्ये नसूनही अनेकांचं काम चालतं, कारण परवानगीच्या अक्षरांपुढे एक बारीकसं अधिक चिन्ह असतं. स्क्रीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला सिस्टिम तेवढ्यापुरता खास अधिकार देते, त्याची ही खूण. ‘गेटएफएसीएल’ने त्याचं नाव वाचता येतं. वडिलांनी सीडी उतरवायला लावल्या आणि मुलीने ‘स्विच यूजर’ करून स्वतःचा अभ्यास उघडला, तर तो अधिकार तिच्याकडे जातो. चालू असलेली सीडी पुरी होईल, पुढची मात्र वडिलांच्या प्रोग्रॅमला उघडणार नाही. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आलेल्यालाही हा अधिकार मिळत नाही. स्नॅप, फ्लॅटपॅकमधून टाकलेल्या अ‍ॅपना आणखी वेगळी परवानगी लागू शकते.

पक्का उपाय म्हणजे ग्रुपमध्ये नाव घालणं. ‘यूजरमॉड -एजी सीडीरॉम’ आणि पुढे यूजरचं नाव, हे सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकारात, द्यायचं. मोठ्या लिपीतल्या जीच्या आधीचा छोटा ए विसरू नका. तो राहिला तर बाकीच्या पुरवणी ग्रुपमधून तुमचं नाव निघतं, त्यात सुडोचा ग्रुपही गेला म्हणजे चूक दुरुस्त करायचा रस्ताही गेला. ‘जीपासडब्ल्यूडी -ए’मध्ये हा धोका नाही, मी तेच सुचवेन. त्यानंतर लॉगआउट करून परत आत यायचं. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळीच वाचली जाते.

‘सीएचमॉड ६६६’ करून सगळ्यांना मोकळं करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. ‘/डेव्ह’मधल्या फाइली दर बूटला नव्याने तयार होतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्लेअर सुडोने चालवणं त्याहून वाईट, कारण उतरवलेल्या गाण्यांची मालकी रूटकडे जाते आणि आपल्याच फाइलमध्ये आपल्याला बदल करता येत नाही. परवानग्यांची ही भाषा ज्यांना नवी आहे, त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत.

एरर ‘नो मीडियम’ किंवा ‘इनपुट-आउटपुट’ अशी आली, तर परवानग्यांना हात लावू नका. तिथे लेन्सवरची धूळ, ओरखडे किंवा म्हातारी झालेली डिस्क यांचा प्रश्न असतो. डिस्क मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे पुसा, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. ऑडिओ सीडीसाठी ‘सीडीपॅरानोया’ आणि फाइलींच्या डीव्हीडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ चालवा. खराब जागेवर ही दोन्ही पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतात, आणि एकेका डिस्कला त्यात कित्येक तास लागू शकतात.