बाहेरची हवा, आतली हवा

नरडाण्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. नोकरी एमआयडीसीत, वय पंचेचाळिशीकडे झुकलेले. कॉलेजात असताना रोज सायकल, मग मोटारसायकल, मग पोट. डॉक्टर म्हणाले चाला. यांना चालण्याचा कंटाळा, म्हणून पुन्हा सायकल घ्यायची ठरवले आहे. दुकानदार म्हणतो कार्बनची हलकी घ्या, वेग आपोआप वाढेल. मित्र म्हणतो शॉकरवाली जाड टायरची घ्या, आपले रस्ते तसलेच आहेत. वडील म्हणतात, माळ्यावरची माझी काढ, तेलपाणी कर आणि नीघ. ‘कोणाचे ऐकू?’

वडिलांचे. सगळे नव्हे, पण बरेचसे.

आधी दुकानदाराचा हिशेब तपासू. ७५ किलोचा माणूस, १२ किलोची सायकल, सपाट डांबरी रस्ता, वारा नाही आणि वेग ताशी २५ किलोमीटर. एवढ्यासाठी साधारण ११२ वॅट लागतात. त्यातले ७७ समोरची हवा बाजूला सारण्यात जातात आणि उरलेले ३५ टायर रस्त्यावर दबत-फुगत राहण्यात. आता सायकल दोन किलोने हलकी करा. त्यासाठी खिसा किती हलका होतो ते दुकानदार सांगेलच. वॅट किती वाचतात ते मी सांगतो. पाऊणच्या आसपास. पूर्ण एकसुद्धा नाही.

घाटात वजन बोलते, हे खरे. शिरपूरच्या पुढे सीमा ओलांडून बिजासन घाटाला लागलात, चढ ५ टक्के धरला आणि ताशी १० च्या वेगाने चढत राहिलात, तर तेच दोन किलो पावणेतीन वॅट खातात. एकूण मेहनतीच्या दोन टक्के. व्यावसायिक शर्यतींत या दोन टक्क्यांवर जिंकणे-हरणे ठरते. पण तिथल्या स्पर्धकांनाही ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल वापरायला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची २००० सालापासून बंदी आहे. आपल्यासारख्यांनी दोन किलो कमी करायचेच असतील, तर ते कुठून करायचे हे डॉक्टरांनी सांगितलेलेच आहे.

खरा शत्रू वेगळा आहे आणि खान्देशाला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. कंपन्यांनी ती जागा देखाव्यासाठी निवडलेली नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेकडून येणारा जो वारा त्या पात्यांना फिरवतो, तोच नरडाण्याहून शिंदखेड्याकडे निघालेल्या सायकलस्वाराच्या छातीवर येतो. वरच्याच माणसासमोर ताशी १५ चा वारा उभा करा. पंचविसाचा वेग टिकवायला आता ११२ नव्हे, २३२ वॅट लागतील. पवनचक्की वाऱ्याकडून घेते, आपण वाऱ्याला देतो, एवढाच फरक.

‘जाताना त्रास झाला तर येताना वारा पाठीशी असेलच की, हिशेब बरोबर!’ हा गोड गैरसमज आहे. ११२ वॅटच देत राहिलात तर जाताना वेग १७ वर येतो आणि येताना ३४ पर्यंत जातो. सरासरी पंचवीसच्या वर दिसते खरी, पण ती अंतराची सरासरी आहे, वेळेची नाही. वीस किलोमीटर जाऊन तेवढेच परत यायचे, तर शांत हवेत ९६ मिनिटे लागतात, या वाऱ्यात १०५. वारा व्याजासकट परत करत नाही. मुद्दलही पूर्ण देत नाही.

आडव्या वाऱ्याचे तर आणखी अन्यायाचे आहे. सोनगीर–नरडाणा–शिरपूर हा जुना मुंबई–आग्रा रस्ता बराचसा दक्षिणोत्तर जातो. पश्चिमेचा वारा तिथे बाजूने लागतो. बाजूचा वारा पुढे ढकलत नाही आणि मागेही ओढत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात तुमचा वेग आणि त्याचा वेग मिळून अंगावर येणारी हवा वाढते, आणि आपल्या हिशेबातल्या माणसाला हवेसाठी सतराएक टक्के जास्त मोजावे लागतात. त्यात शेजारून कंटेनर गेला की आधी बाहेर ढकलले जाणे आणि लगेच आत ओढले जाणे आलेच. म्हणून दोन सूचना. दुकानात दिसणाऱ्या उंच काठाच्या, शिडासारख्या रिमांच्या मोहात पडू नका. आणि हायवे सोडून गावांमधले रस्ते धरा, तेही सकाळी लवकर. रात्री जमिनीलगतचा थर थंड होऊन निपचित पडतो, वरचा वारा वरच राहतो. ऊन चढले, जमीन तापली, हवा वरखाली घुसळू लागली की वरचा वेग खाली येतो. नऊ-दहानंतर वारा ‘उठतो’ असे शेतकरी म्हणतात, ते हवामानशास्त्राच्या पुस्तकातही तसेच आहे.

वाऱ्यावर औषध एकच, वाकणे. कोपरे किंचित मोडून, पाठ खाली नेऊन हवेला दाखवायचे अंग पाचव्या हिश्श्याने कमी केले, तर शांत हवेतही १५ वॅट वाचतात. त्या दोन किलोंच्या जवळजवळ वीसपट, आणि फुकट. मुरडलेल्या हँडलचा फायदा हाच. पण पोट मध्ये येत असेल तर सरळ हँडल घ्या, सहा महिन्यांनी बघू.

ही झाली बाहेरची हवा. मला जास्त प्रेम आहे ते आतल्या हवेवर.

हवेच्या टायरचा शोध कोणी लावला? शाळेतले उत्तर डनलॉप. बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर, मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर आदळू नये म्हणून त्याने रबराची नळी चाकाला गुंडाळली. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. त्याने आपले हवा भरलेले चाक आणि जुने भरीव रबराचे चाक अंगणात एकापाठोपाठ एक घरंगळत सोडून पाहिले. हवेचे चाक कितीतरी पुढे गेले. प्रयोग म्हणावा तर असा! उपकरण शून्य, निष्कर्ष स्वच्छ. १८८८ साली त्याने पेटंट घेतले. (गंमत अशी की किर्लोस्करांच्या उद्योगाचा जन्मही १८८८ चाच धरतात, आणि त्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाने झाली. पंप आणि नांगर नंतर आले.)

दोन वर्षांनी डनलॉपला कळवण्यात आले की तुमचे पेटंट टिकणार नाही, कारण हे आधीच झालेले आहे. १८४५ साली! तेव्हा डनलॉप पाच वर्षांचा होता.

झाले होते ते रॉबर्ट विल्यम थॉमसनच्या हातून. स्कॉटलंडमधल्या स्टोनहेवनचा हा पोरगा पेटंट घेताना २३ वर्षांचा होता. रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी, वरून चामड्याचे वेष्टण, आणि हे सगळे घोडागाडीच्या लाकडी चाकावर बसवलेले. सायकल, आज आपण ओळखतो ती, अजून जन्मायची होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने अशा चाकांच्या गाड्या चालवून दाखवल्या. मला आवडते ते पुढचे: गाडी नुसती पळवून टाळ्या घेण्यावर तो थांबला नाही, ती ओढायला किती जोर लागतो हे मोजले गेले. गुळगुळीत रस्त्यावर जोर कमी लागलाच. पण फोडलेल्या खडीवर बचत त्याहून मोठी निघाली. रस्ता जितका वाईट, तितका हवेचा फायदा अधिक. हे वाक्य लक्षात ठेवा, सायकल निवडताना लागणार आहे.

थॉमसनचे टायर चालले नाहीत. चांगले पातळ रबर मिळेना, मिळे ते महाग, आणि घोड्याचे श्रम वाचवण्यासाठी पैसे कोण मोजणार? तो दुसऱ्या कामांना लागला. साखर कारखान्याची यंत्रे घेऊन जावाला गेला, पुढे जाड भरीव रबराच्या चाकांचे वाफेचे रस्ता-इंजिन बनवले. त्यातली काही क्रॉम्प्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानात आणवली. एकाचे नाव होते ‘चिनाब’, दुसऱ्याचे ‘रावी’. १८७३ मध्ये थॉमसन गेला. डनलॉपचा प्रयोग व्हायला अजून पंधरा वर्षे होती. आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाडीलाही ‘डनलॉपची गाडी’ म्हणतात. लोखंडी धावेच्या चाकांवरून डनलॉपवर आलेल्या शेतकऱ्याने थॉमसनचा निष्कर्ष बैलांच्या मानेवर पडताळून पाहिला: तीच जोडी, जास्त माल. नाव मात्र भलत्याचेच राहिले.

आता थॉमसनचे वाक्य सायकलला लावू. विसाव्या शतकात सायकलवाल्यांनी ते चक्क विसरून दाखवले. टायर जितका बारीक आणि जितका टणक तितका वेगवान, असे सगळे मानू लागले. २३ मिलिमीटरचे टायर, हवेचा दाब १२० पौंड. प्रयोगशाळेतही तेच दिसे, कारण तिथे टायर गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवत. ड्रमला खडी नसते आणि वर माणूस बसलेला नसतो. प्रत्यक्ष रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला दबण्याऐवजी ८७ किलोचा अख्खा संसार उचलतो. ती ऊर्जा माणसाच्या मांड्या, पोट आणि दंडांच्या थरथरीत उष्णता होऊन संपते. रुंद, जरा मऊ टायरमध्ये खड्याएवढा भागच आत जातो, आणि हवा ही उत्तम स्प्रिंग असल्याने दिलेले बहुतेक परत करते. यान हाइन या सायकल-मासिकाच्या संपादकासारख्या हट्टी लोकांनी हायवेच्या काठावरच्या खडखड पट्टीवर सायकली चालवून, पायडलवरचे वॅट मोजून हे दाखवले. आधी त्यांना हसले, मग शर्यतीवाले गुपचूप २५ वर आले, मग २८ वर. पॅरिस–रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर आता ३० च्या पुढचे टायर दिसतात.

मग बाजारात ‘ग्रॅव्हल बाइक’ अवतरली. तिचे टायर बहुधा ४० मिलिमीटर. आता माळ्यावर चढा आणि वडिलांच्या सायकलचे टायर वाचा. २८ × १½ लिहिलेले असेल. नव्या मापात ते ४०–६३५ होते, म्हणजे रुंदी ४० मिलिमीटर, रिमचा व्यास ६३५. ग्रॅव्हल बाइकचा व्यास ६२२. दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या आणि मास्तरांच्या सायकलला जे माप होते, तिथेच जग घिरट्या घालून परत आले आहे. फक्त किमतीत एक शून्य वाढले.

मग वडिलांचीच सायकल काढायची का? महिनाभर जरूर काढा, शरीर काय म्हणते ते कळेल. पण ती जड वाटेल आणि त्याचा दोष तिच्या वीसएक किलोंना देऊ नका. एकच गिअर, ताठ बसण्याची ढब, जाड आणि मठ्ठ रबर ही खरी कारणे. साधा टायर काढून चांगल्या, लवचिक कापडाचा बसवला तर पंधरा ते वीस वॅट वाचू शकतात. कार्बनच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. जुन्या मापात तसे टायर मिळणे मात्र कठीण, आणि ६२२ चा टायर ६३५ च्या रिमवर चढत नाही.

म्हणून नवी घ्यायची तर अशी घ्या: पोलादी किंवा अॅल्युमिनियमची फ्रेम, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा, सर्वांत हलक्या गिअरला पुढचे आणि मागचे दाते जवळजवळ सारखे. ‘अॅल्युमिनियम अंगाला बसते’ हे ऐकले असेल. फ्रेम उभी जेमतेम दबते, दबतो तो टायर, तेव्हा तिकडे लक्ष द्या. शॉकर नको. तो तुमच्या वजनात भर घालतो आणि उभे राहून पायडल मारताना तुमचीच मेहनत गिळतो. मित्राचे अर्धे, टायरचे, मात्र बरोबर आहे. टायर ३५ चा असेल तर हवा पन्नास पौंडांच्या आसपास, मागे थोडी जास्त. पहाटे २० अंशांना ६० पौंड भरलेला टायर ४५ अंशांत ६६ दाखवतो, तेव्हा मे महिन्यात काठोकाठ भरू नका.

सीटबद्दल एकच. टाच पायडलवर ठेवून पाय खालच्या टोकाला नेला की गुडघा सरळ व्हायला हवा. आपल्याकडे निम्मे लोक पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग सायकलीने गुडघे दुखतात अशी तक्रार करतात.

वयाची चिंता सोडा. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा थोरल्याने चाळिशी ओलांडलेली होती. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सवारी; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी १५ पुरे.

उरले सराटे. खान्देशात सायकलवाल्याचा हिशेब तिथेच चुकतो. पिवळ्या फुलांची ही वेल जमिनीसरपट पसरते आणि तिचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतोच. अमेरिकेतले सायकलवालेही याच वनस्पतीच्या नावाने बोटे मोडतात. टायरला टोचलेला सराटा दिसला की उपटायचा मोह होतो. आत चिकाचे औषध घातलेला ट्यूबलेस असेल तर उपटा, भोक आपोआप बुजेल. साधी ट्यूब असेल तर आधी सावली शोधा, मग उपटा. पंप आणि जादा ट्यूब सीटखाली असू द्या, आणि ती ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या. महागड्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह हायवेवरच्या टायरवाल्याच्या नळीला बसत नाही. जाड बसतो. फक्त त्याला सांगा, कॉम्प्रेसर टिचकी मारल्यासारखा दाबायचा. ट्रकच्या सवयीने दाबला तर सायकलची ट्यूब क्षणात फुटते.