राळेत अडकलेली मुंगी

'ज्युरासिक पार्क' बघितल्यावर अंबरमधला तो डास कुणी विसरत नाही. मित्रांनो, असा एखादा किडा आपल्या नगर जिल्ह्यात सापडेल का? नाही! कळसूबाईपासून खाली पठारापर्यंत आपल्याकडे सगळा काळा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला हा लाव्हा हजार अंश सेल्सियसच्या वर तापलेला होता. त्यात राळ कसली टिकते?

अंबर म्हणजे झाडाची राळच. खोडाला जखम झाली की ती पाझरते, मुंगी चिकटते, वरून आणखी थर चढतो. हवा तुटली की कुजणं जवळपास थांबतं. मग लाखो वर्षांत रेणू एकमेकांना जोडले जाऊन राळ कडक होते. केमिकलवाल्यांना सांगायला नको, हे पॉलिमरायझेशन.

पण नगरहून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर, सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. तिथले थर या बेसाल्टनंतरचे, म्हणजे ५ ते ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतल्या अंबरवरचा मोठा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. कीटक आणि त्यांच्या भाईबंदांची ५५ हून जास्त कुळं त्यात मिळाली: मुंग्या, मधमाश्या, वाळवी! राळ होती आपल्या साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची. गंमत म्हणजे तिचं पॉलिमरायझेशन अर्धवटच झालंय. त्यामुळे ती सेंद्रिय द्रावकात चक्क विरघळते आणि अख्खा किडा बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो. (डीएनए मात्र नाही हं, ते पिक्चरमध्येच.)

आता लाव्हाच्या आधीची मुंगी बघा. म्यानमारच्या ९.९ कोटी वर्षं जुन्या अंबरमधली 'हायडोमर्मेक्स'. आपल्या मुंगीचे जबडे आडवे मिटतात, हिचे खालून वर! तो अख्खा गट नामशेष झाला. वस्तानच्या मुंग्या मात्र आजच्याच उपकुळांतल्या आहेत. दोघींच्या मधल्या काळात आपला दगड तयार झाला.

भारताचा तुकडा जवळजवळ १० कोटी वर्षं समुद्रात एकटा सरकत होता, तेव्हा इथले किडे जगावेगळे असणार, असा अंदाज होता. तो चुकला. वस्तानच्या किड्यांचे नातलग निघाले थेट उत्तर युरोपातल्या जुन्या अंबरमध्ये, आणि आजच्या ऑस्ट्रेलियाकडेही. म्हणजे आशियाला धडकण्याच्या सुमारासच, कदाचित त्याआधीही, या 'बेटा'वर किड्यांची ये-जा चालू होती.