‘तो विषय काढायचा नाही’ : एका व्यंगचित्राचं वाचन

जुनं व्यंगचित्र समोर आलं की आपण हसतो आणि पान उलटतो. पण इतिहासाचं साधन म्हणून ते वाचायचं तर तीन गोष्टी विचाराव्या लागतात : काय दाखवलंय, काय गाळलंय, आणि काढणारा कोणाच्या बाजूचा होता? उदाहरणासाठी मी एक फ्रेंच चित्र घेतलंय. धारवाडकरांना ते परकं वाटू नये.

१४ फेब्रुवारी १८९८ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’त कारान दाश या चित्रकाराचं घरगुती जेवणाचं चित्र छापून आलं. नुसत्या शाईच्या रेघा, एकाखाली एक दोन चौकटी. वरच्या चौकटीत मोठं कुटुंब नीट जेवायला बसलंय. ड्रेफस प्रकरणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी ताकीद मिळते. खालच्या चौकटीत तीच माणसं एकमेकांवर तुटून पडलीत. कारण एवढंच, की विषय निघाला.

खरी मेख दोन चौकटींच्या मधे आहे. कोण बोललं, कोणाचं खरं होतं, हे चित्र सांगतच नाही. सगळे सारखेच वेडे. म्हणून ते निःपक्ष वाटतं.

पण तारीख बघा. आल्फ्रेड ड्रेफस हा ज्यू कप्तान हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून १८९५ पासून डेव्हिल्स बेटावर कैदेत होता. त्याच्या बाजूनं झोलाचं जाहीर पत्र १३ जानेवारीला आलं होतं आणि चित्र छापलं तेव्हा झोलावरच खटला चालू होता. चित्रकारही तटस्थ नव्हता. त्याच महिन्यात त्यानं फोरँबरोबर ड्रेफसविरोधी साप्ताहिक काढलं. एका माणसाच्या न्यायाचा प्रश्न इथे जेवणातल्या शिस्तीचा होऊन बसतो, हे आपल्या लक्षात यायला हवं.

आपल्याकडे असं ताट नव्हतं असं नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी चहाला गेली. गोपाळराव जोशांनी नावं ‘पुणे वैभव’कडे पोचवली, आणि एका कपानं ग्रामण्य उभं केलं. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली.

आणि आपलं हुबळी-धारवाड? १९५६ पर्यंत मुंबई राज्यातलं हे गाव. घरात मराठी, दारात कन्नड, सोयरीक दोन्हीकडे. सीमाप्रश्न निघाला की पंगतीत कुणीतरी ‘आता पुरे, भात वाढा’ म्हणतंच. त्या शब्दामुळे नाती टिकलीत, हे मी नाकारत नाही.

तरी गप्प बसण्याची किंमत कोण मोजतो, हे प्रत्येक वेळी तपासावं. भातावर विषय टळला तर आपलं काही बिघडत नाही. ड्रेफसचं बिघडलं असतं. तो निर्दोष ठरला १९०६ मध्ये, आणि तोही लोकांनी विषय काढत राहिल्यामुळेच.