‘स्टेरॉइडची शुगर आहे, उतरेल आपोआप’

सरस्वतीपुरममध्ये, कुक्करहळ्ळी तलावाच्या फेरीवर, कन्नडात आणि आम्हा म्हैसूरकर मराठी मंडळींच्या घरांतही एक वाक्य अजून ऐकू येतं : “कोरोनात शुगर चढली ती स्टेरॉइडमुळे, गोळ्या संपल्या की उतरते, काही करावं लागत नाही.” अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. स्टेरॉइड थांबल्यावर अनेकांची साखर उतरते, हे खरं. पण उतरेपर्यंतचे दिवस नेमके संसर्गाशी झुंजण्याचे असतात, आणि त्या दिवसांत वाढलेली साखर शांत बसत नाही.

साखर बराच काळ २००च्या वर राहिली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मंदावतात. संसर्गाच्या जागी त्या उशिरा पोचतात, जंतू गिळून मारण्याची त्यांची ताकद घटते. मधुमेह नसलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. गंभीर आजारात शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन सोडतं, यकृत रक्तात साखर ओततं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. त्यात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची भर.

यावर “आकडे दाखवा” म्हणणाऱ्यांसाठी : चीनच्या हुबेई प्रांतातला ७,३३७ रुग्णांचा अभ्यास २०२०मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये आला. त्यातल्या टाइप २ मधुमेहींपैकी ज्यांची साखर ७० ते १८०च्या दरम्यान राहिली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १.१ टक्के, ज्यांची त्यापलीकडे गेली त्यांच्यात ११ टक्के. हा निरीक्षणांचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही. पण वय आणि इतर आजार जुळवून पाहिल्यावरही फरक टिकून राहिला.

आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, आपण इतक्यात विसरलो? भारतातल्या १६ रुग्णालयांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मधल्या रुग्णांचा अभ्यास केला. कोविडनंतर म्युकर झालेले १८७ जण होते. सर्वांत जास्त आढळलेला मूळ आजार होता आटोक्यात नसलेला मधुमेह, आणि स्टेरॉइडच्या अयोग्य वापराशीही संबंध दिसला. सुमारे एक तृतीयांश जणांना कोविडशिवाय दुसरा कोणताही जोखमीचा आजार नव्हता. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांना बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला वाढायला तेच लागतं.

स्टेरॉइड वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. कोविडवरच्या औषधांच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा झाला नाही. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घरच्या घरी ते गिळणाऱ्यांच्या पदरी काय पडलं? फायदा नाही, साखर मात्र वाढलेली.

तपासणीतही एक फसगत होते. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने साखर दुपारनंतर चढते. उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसतो आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून जेवणानंतरची, विशेषतः दुपारी-संध्याकाळची साखर बघायलाच हवी.

असेच कानावर येणारे आणखी काही गैरसमज.

“एकदा इन्सुलिन लागलं की जन्मभर सुटत नाही” : आजारपणात तात्पुरतं दिलेलं इन्सुलिन साखर आटोक्यात आल्यावर डॉक्टर अनेकांचं बंद करतात.

“तोंडाला चव नाही, जेवण जात नाही, मग इन्सुलिनही नको” : टाइप १च्या रुग्णाच्या जिवावर बेतेल असा सल्ला. डोस डॉक्टरांना विचारून बदला, मनाने थांबवू नका. काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन, गंभीर आजारात थांबवाव्या लागतात. तेही डॉक्टरच ठरवतील.

“काढ्यात गूळ आहे, साखर नाही” : रक्ताला दोन्ही सारखेच.

“रागी मुद्देने शुगर वाढत नाही” : नाचणी पौष्टिक आहे, पण तिच्यात स्टार्च भरपूर असतो. मोठा गोळा खाल्ला की साखर वाढणारच.

“शुगरवाल्यांनी कोविडची लस टाळावी” : उलट, १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयोगटात ज्या आजारांमुळे लस आधी मिळाली, त्यांत दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंत झालेला मधुमेह आणि सोबत उपचार चालू असलेला उच्च रक्तदाब, हेही होतं.